डेमोचा रिपोर्ट नसतो

"तोंड उघड," मॅडम म्हणाल्या.

मी उघडलं.

"अजून. मोठं."

अजून उघडलं. कानाखाली जबडा कट्‌ वाजला. लाकडी पट्टी आत गेली आणि गाल आतून बाहेर ओढला गेला. टॉर्चचा उजेड डोळ्यांवरून खाली उतरला. मागे खुर्च्या सरकल्या. सगळे उठून जवळ आले.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस होता. एम.एस्सी.च्या मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीतलं संशोधन. विषय होता, तोंडाचा कॅन्सर लवकर कसा ओळखायचा. बोईसरच्या बाहेर एक संस्था आहे. नाव सांगत नाही, नावाने काही फरक पडत नाही. निवड झाली तेव्हा आमच्या कॉलेजच्या बोर्डावर माझं नाव लागलं होतं. आमच्या वर्गातून मी एकटी. बाकीची मुलं मुंबईची, ठाण्याची, एक पुण्याची.

प्रकल्पाच्या प्रमुख असलेल्या या मॅडमनी आधी सगळ्यांना विचारलं होतं, इथे कोणी कधी मशेरी लावली आहे का. कोणी हात वर केला नाही. मीही नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू इथल्याच पाड्यातली ना? मग लहानपणी लावलीच असशील. ये पुढे."

खोटं बोलायचं मला सुचलं नाही. मी मान हलवली आणि पुढे गेले.

एकेक जण येऊन माझ्या तोंडात बघून जात होता. ऋचा नावाची मुलगी होती, मुंबईची. मॅडमनी टॉर्च तिच्या हातात दिली. ती वाकली आणि तिने श्वास रोखला. तिचा गळा थांबलेला मला दिसला, इतकी ती जवळ होती. मागे कोणीतरी हसलं. कशाला हसलं ते माहीत नाही. माझ्या हनुवटीवरून लाळ ओघळली. पुसायला हात वर केला तर मॅडम म्हणाल्या, हलू नकोस.

मग त्या थांबल्या. पट्टी आणखी आत सरकवली.

"वा! हे बघा. शोधून सापडणार नाही इतकं छान आहे."

माझ्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. तो किती मोठा आहे, कडा कशा आहेत, हे त्यांनी सांगितलं. अशा चट्ट्यांतले काही पुढे कॅन्सरमध्ये जातात, हेही सांगितलं. इंग्रजीत सांगितलं. बाकीच्यांना सांगितलं. मी मध्ये उभी होते, तोंड उघडं ठेवून. मला कोणी काही सांगितलं नाही.

मोबाइलवर फोटो काढला. लाइट कमी होता म्हणून पुन्हा काढला.

"बस जागेवर."

मी बसले. ओढणीने हनुवटी पुसली. कानात नुसती घूं घूं. पुढचा सगळा तास गेला आणि त्यातला एक शब्द मला आठवत नाही.

त्या दिवसापासून माझी जीभ माझी राहिली नाही. ती सारखी डाव्या गालाकडे जायची. जेवताना, रिक्षात बसल्यावर, कोणी बोलत असताना. खडबडीत लागायचं. काल होतं त्यापेक्षा जास्त खडबडीत. की काल असंच होतं? मी घाबरले होते. दवाखान्यात जायची हिंमत नव्हती. दवाखान्यात गेलं की त्याला नाव पडणार. जोवर कोणी नाव घेत नाही तोवर ते नाही, असं मी स्वतःला सांगायचे. एम.एस्सी.ला पेशींचा विषय घेतलेली मी. एक पेशी बिघडली की पुढे काय काय होतं, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्यावर मी पानंच्या पानं लिहिली होती.

मशेरी मी लावली होती, हे खरं आहे. आम्ही मूळचे मनोरकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचे. पावसावर भात व्हायचा, तो संपला की आई-बाबा आम्हाला घेऊन वीटभट्टीवर जायचे. पहाटे उठून माती कालवायला लागायची आणि चूल पेटायला ऊन वर यायचं. तोवर पोरं भुकेने रडायची. आई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरडायची, आणि स्वतः लावताना आमच्याही बोटावर चिमूटभर ठेवायची. दात घासा. डोकं गरगरायचं आणि भूक जायची. मी किती वर्षांची होते सांगता येणार नाही. दुधाचे दात पडायचे होते. पुढे बाबांना एका कंपनीत माल चढवायचं काम मिळालं, आम्ही बोईसरजवळ कुंभवलीला खोली घेतली, मी शाळेत गेले. आईही पॅकिंगच्या कामाला लागली. दहावीच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी मशेरी सोडली. आईने सोडली नाही.

दुसऱ्या आठवड्यात लॅबमध्ये काम सुरू झालं. गालाच्या आतून छोट्या ब्रशने पेशी खरवडायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली बघायच्या. सरावासाठी प्रत्येकाने आपापल्याच गालातून घ्यायच्या. रांग लागली. माझा नंबर आला तेव्हा मॅडमनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. रागाने नाही. अगदी सहज.

"तू राहू दे गं. आपल्याला आधी नॉर्मल दाखवायचंय."

मी बाजूला झाले. भिंतीला टेकून उभी राहिले. सगळे आपापल्या पेशी बघत होते, एकमेकांना दाखवत होते, मोबाइलवर फोटो काढत होते. मी नॉर्मल नव्हते. मला कळायचं होतं ते त्या एका वाक्यात कळलं, असं मला वाटलं. आता आपण मरणार. आईला कसं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी मागे राहिले. ब्रश घेतला. आरसा नव्हता, मोबाइलच्या काळ्या काचेत बघून तो गालात घातला आणि खरवडलं. जास्तच खरवडलं, रक्त आलं. काचपट्टी केली, रंग दिला, मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशी दिसल्या. काही बारीक, काही मोठ्या. मधलं केंद्र काही ठिकाणी गडद दिसत होतं. ते गडद असायला हवं तेवढंच होतं की जास्त? रंग जास्त झाला होता का? मला वाचता येत नव्हतं. एवढं शिकून स्वतःच्या पेशी वाचता येत नव्हत्या. मी डोळा काढला, पुन्हा लावला.

ऋचा पाण्याची बाटली विसरली होती, ती घ्यायला आली. माझ्या ओठाला रक्त होतं. तिला समजलं.

"मॅडमना विचार ना सरळ," ती म्हणाली.

तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की विचारायचं असतं. तिच्या घरी प्रश्न विचारले जात असतील. आमच्या घरी ठेकेदाराला, साहेबाला, डॉक्टरला कोणी काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. ते सांगतील तेवढं ऐकायचं आणि निघायचं.

तरी मी गेले. मॅडमच्या केबिनबाहेर बराच वेळ उभी राहिले, दोनदा परत फिरले. मग आत गेले आणि विचारलं. मॅडम, त्या दिवशी माझा फोटो काढला होता, त्याचा रिपोर्ट कधी येईल?

त्या लॅपटॉपवर काहीतरी करत होत्या. त्यांनी मान वर केली, त्यांना क्षणभर आठवेना. मग आठवलं आणि त्या हसल्या.

"अगं, ते डेमो होतं. डेमोचा रिपोर्ट नसतो."

मी तिथेच उभी राहिले. मग त्यांनी समजावून सांगितलं. आपण दवाखाना नाही. हजारो तोंडांचे फोटो गोळा करायचे, ते यंत्राला दाखवायचे, म्हणजे यंत्र शिकेल. पुढे जगभर त्याचा उपयोग होईल. हे मोठं काम आहे आणि तू त्याचा भाग आहेस. ज्यांचे फोटो काढतो त्यांची तपासणी, उपचार हे आपल्या कामात बसत नाही. आणि मी अजून हलत नाही हे बघून म्हणाल्या, "एवढं मनावर घेऊ नकोस. तुमच्याकडे सगळ्यांच्याच तोंडात असतं ते."

तुमच्याकडे. सगळ्यांच्याच.

आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडात असतं म्हणून ते सांगायची गरज नाही. पावसात चिखल असतो तसं. मी "हो मॅडम" म्हणाले. बाहेर येऊन जिन्यात बसले. तेव्हा राग आला नाही. तेव्हाही भीतीच होती. राग यायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

घरी आले तर आई मोरीपाशी बसून मशेरी लावत होती. मी तिच्या हातातली डबी हिसकली आणि दाराबाहेर गटारात टाकली. माझा आवाज चाळीतल्या लोकांनी ऐकला असणार. आई माझ्याकडे बघत राहिली. काळं झालेलं बोट तसंच वर.

"तेनी भूक मरते," ती म्हणाली. एवढंच.

मी काही दिवस तिखट खात नव्हते, ते तिच्या लक्षात आलं होतं. तिने काय झालं म्हणून विचारलं नाही. माझ्या ताटात वरण आणि भात वेगळा वाढायला लागली.

मग शिबिर ठरलं. पाड्यावर जाऊन बायकांचे फोटो घ्यायचे. पाडा कोणता, तर माझ्या आईच्या माहेरचा. मॅडमनीच विचारलं होतं, तुझ्या ओळखीचं एखादं गाव सांग, तुझ्यामुळे बायका येतील. भाषेचाही प्रश्न येणार नाही. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. त्यांच्या शिफारशीच्या एका पत्रावर मला पुढे पीएच.डी.ला जागा मिळणार होती, आणि मला ती हवी होती.

शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची मांडली. बायका आल्या. बऱ्याच आल्या, कारण मी बोलावलं होतं. माझी मावशी, आईची मोठी बहीण, सोनी मावशी, सगळ्यांत पुढे होती. तिने नवीन लुगडं नेसलं होतं. माझी भाची डॉक्टर झालीय, असं ती सगळ्यांना सांगत होती. मी डॉक्टर नाही हे मी तिला किती वेळा सांगितलं होतं.

ती खुर्चीवर बसली. तोंड उघडलं. मॅडमनी पट्टीने गाल ओढला, मी टॉर्च धरली होती.

मला दिसलं. चट्टा नव्हता. गालफडाच्या आत, खालच्या दाढांजवळ, जखम होती. कडा वर आलेल्या, मध्ये लाल. मी पुस्तकात पाहिलं होतं ते. मॅडमनाही दिसलं. त्यांचा हात थांबला, त्यांनी ऋचाकडे पाहिलं आणि ऋचाने फोटो काढला. वेगवेगळ्या बाजूंनी तीन-चार काढले. मग मॅडमनी पट्टी बाहेर काढली आणि पुढच्या बाईला हात केला.

मावशी उठली नाही. तोंड पदराने पुसून तिने मला विचारलं, "काय हाय गो माज्या तोंडात? कवाचा दुकतो."

मॅडमनी विचारलं, काय म्हणते. मी सांगितलं.

"सांग तिला, काही नाही. रिपोर्ट येईल म्हणावं."

टॉर्च अजून माझ्या हातात पेटलेलीच होती. मला धैर्य वगैरे आलं नाही. मला मावशी मेलेली दिसली. तिच्या पाठोपाठ आई दिसली, आणि मग मी. आणि आमच्या तिघींच्या तोंडांचे फोटो कुठेतरी एखाद्या यंत्रात, स्वच्छ, चांगल्या उजेडात काढलेले. त्या भीतीपुढे मॅडमची भीती लहान झाली. एवढंच झालं.

मी मावशीसमोर खाली बसले.

"मावशे, हाय," मी म्हणाले. "तुज्या तोंडात जखम हाय. ती साधी नाय. दवाखान्यात दाखवाला पायजे, लवकर. रिपोर्ट येणार नाय. हे लोक फक्त फोटो काढतात."

मॅडमना आमची बोली पूर्ण कळत नसली तरी "रिपोर्ट" आणि "नाय" कळलं.

"काय सांगितलंस तिला?"

"खरं सांगितलं."

त्यांचा चेहरा लाल झाला. पण आवाज चढवला नाही, त्या कधीच चढवत नसत. म्हणाल्या, तू लोकांना घाबरवते आहेस. हे निदान करायचा तुला अधिकार नाही. मी तुझं काम आत्ता इथेच थांबवू शकते.

ते खरंच होतं. निदान करायचा मला अधिकार नव्हता. पण निदान ज्यांना येत होतं त्या गप्प होत्या.

"थांबवा," मी म्हणाले. आवाज फाटला होता. "पण आधी हिला सांगा. तुम्ही बघितलंय. तुम्ही सांगा. मी सांगते तिला आमच्या भाषेत. आणि माझ्याही गालात आहे, तेही सांगा. इथे, सगळ्यांसमोर. त्या दिवशी सगळ्यांसमोरच बघितलं होतंत."

मॅडम ऋचाला म्हणाल्या, सामान आवर. ऋचाने आवरलं. मागे बसलेल्या एका म्हातारीने मला विचारलं, मंग फोटो कशाला काढला? तिला उत्तर देईपर्यंत गाडी चालू झाली होती. माझी बॅग त्यांनी पायरीवर ठेवली होती.

मी त्या दिवशी पाड्यावरच राहिले. सकाळी मावशीला घेऊन पालघरच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी तोंड बघितलं आणि पट्टी खाली ठेवून म्हणाले, मुंबईला न्यायला लागेल, मी चिठ्ठी देतो, उशीर करू नका. साधं वाक्य. तोंडावर सांगितलेलं. मावशीने मान हलवली. मग मी म्हणाले, माझंही बघा.

मुंबईत दोघींच्या गालांतले बारीक तुकडे काढून तपासले. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. मला कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या आहेत. म्हणजे दर काही महिन्यांनी दाखवायचं, आयुष्यभर. प्रत्येक वेळी रांगेत बसले की तीच भीती पहिल्यापासून. मावशीला कॅन्सर होता. ऑपरेशन झालं. गाल आणि खालच्या जबड्याचा भाग काढला. आता ती अर्ध्या तोंडाने बोलते. आंबट चालत नाही, तिखट चालत नाही, भाकरी चावत नाही. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, आणखी लवकर यायला हवं होतं. मावशीने त्यांना विचारलं, "कोनी सांगलं असतं तं आलो नसतो का?" तिच्या आयुष्यात तिने डॉक्टरला विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

संस्थेने मला प्रमाणपत्र दिलं नाही. पत्रही नाही. कॉलेजात निरोप आला की मुलगी हुशार आहे पण शिस्त नाही. आमच्या विभागाच्या सरांनी मला बोलावून विचारलं, माफीचा मेल पाठवशील का, नाहीतर पीएच.डी.ची जागा जाईल. मी तिथल्या खुर्चीवर बसले होते आणि जीभ पुन्हा गालाकडे गेली होती. मी नाही म्हणाले. सर म्हणाले, दुसरीकडे अर्ज करू.

केला आहे. विषय तोच, तोंडाचा कॅन्सर लवकर ओळखणं. लोक म्हणतात, एवढं झाल्यावर पुन्हा त्याच वाटेला कशाला जातेस. मी का सोडू? ते ज्ञान मॅडमच्या घरचं नाही. ते आमच्या तोंडातून काढलेलं आहे.

मी अजून घाबरते. मोठ्या माणसाच्या केबिनबाहेर उभी राहिले की दोनदा परत फिरते, आणि ही भीती जाईल असं मला वाटत नाही. ती जायची मी वाट बघणार नाही. ज्या बाईच्या तोंडात मी टॉर्च मारीन, तिला काय दिसलं ते तिथेच सांगीन, तिच्या भाषेत, तिच्या तोंडावर, आणि कुठे जायचं तेही सांगीन. सांगायची मनाई असेल तर मी टॉर्च मारणार नाही. आणि आमच्या पाड्यावर दुसऱ्या कोणालाही ती मारू देणार नाही.